बारशाचे वाळे

त्या शनिवारी हरिभाऊंचं नाक चोंदलेलं नसतं, तर 'श्रमसाफल्य' इमारतीतली सगळी बिऱ्हाडं सकाळच्या चहाचे कप हातात घेऊन रस्त्यावर उभी राहिली नसती. पण नाक चोंदलं होतं, आणि चोंदलेल्या नाकाच्या माणसाला दुसऱ्यांचं नाक खरं बोलतंय हे पटवून देणं फार अवघड असतं. त्यातून तो माणूस भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला असेल, तर विचारायलाच नको.

बाब तशी साधी होती. सांगलीला हरिभाऊंच्या लेकीला, ज्ञानदाला, मुलगी झाली होती. चारुशीलाबाई बाळंतपणासाठी आधीच तिकडं जाऊन राहिल्या होत्या. रविवारी बारसं. हरिभाऊंनी रविवारी पहाटेच्या एसटीनं साताऱ्याहून निघायचं आणि येताना कपाटातला चांदीच्या दागिन्यांचा डबा घेऊन यायचा. डब्यात तान्ह्या बाळाचे वाळे आणि कमरेची साखळी. हे वाळे एके काळी खुद्द चारुशीलाबाईंच्या पायात होते, मग ज्ञानदाच्या, मग धाकट्या शौनकच्या. ज्ञानदाच्या थोरल्या मुलाचं बारसं लॉकडाऊनमध्ये फोनच्या पडद्यावरच झालं, आणि वाळे इकडं साताऱ्यातच राहिले. ते चारुशीलाबाईंच्या मनाला फार लागलं होतं. या वेळी नातीच्या पायात वाळे घातल्याशिवाय पाळण्याची दोरी हातात घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

"सराफाकडं देऊन उजळून घ्या, आणि मग आणा," असं त्यांनी फोनवर बजावलं. बजावायचं कारण होतं. चारुशीलाबाईंना चांदी मऊ फडक्यात गुंडाळायची सवय. हरिभाऊंनी मागं एकदा कपाट आवरताना ते फडकं 'जुनं' म्हणून फरशी पुसायला काढलं, आणि वाळ्यांना वर्तमानपत्रात गुंडाळून रबरबँड लावले. आता डबा उघडला तर रबर वितळून चिकटलेलं, आणि चांदी तव्याच्या बुडासारखी काळी.

हरिभाऊ सराफाकडं गेले नाहीत. त्यालाही कारण होतं. मागच्या दिवाळीत ते देवघरातली दोन निरांजनं घेऊन गेले होते, तेव्हा दुकानातल्या माणसानं ती हातात तोलली, चष्म्यावरून हरिभाऊंकडं पाहिलं आणि विचारलं, "जर्मन सिल्व्हरची आहेत का?" निरांजनं चांदीचीच निघाली, पण तो प्रश्न हरिभाऊंच्या मनात रुतून बसला. तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनीच्या हद्दी मोजून देणाऱ्या माणसाला कुणी असं विचारावं? तेव्हापासून त्या दुकानासमोरून जाताना ते पलीकडच्या फुटपाथनं जात.

"त्यात काय काका, घरीच होतं," खालच्या मजल्यावरची उत्कर्षा म्हणाली. जिन्यात भेट झाली होती. "पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची, वर चांदी, खायचा सोडा, मीठ आणि उकळतं पाणी. काळं आपोआप निघून जातं. मी कालच व्हिडिओ बघितला."

"तुम्ही करून बघितलंय?"

"माझ्याकडं चांदी कुठं आहे," उत्कर्षा म्हणाली. पण फॉइलचा रोल तिनं लगेच आणून दिला.

जिन्यात बोलणं चाललं की समोरच्या सुभेदार केरबांचं दार उघडतं, हा त्या इमारतीचा नियमच होता. केरबा मेढ्याकडचे. सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्यात स्थायिक झालेले. त्यांच्या मते फौजेत बक्कल चमकवायला जे पॉलिश देतात, त्यापुढं बाकी सगळं फुकट. मागून त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, मान बाहेर काढली.

"आवं, चिचंच्या कोळानं घासा. लखलखीत निगतंय. आमची आय तर निस्ती राख लावायची."

"राख कुठनं आणायची अपार्टमेंटमदी?" केरबा म्हणाले.

"मागाल तर मिळंल. मागतंय कोण?" एवढं बोलून अंजनाबाई आत गेल्या.

हरिभाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि फॉइलच्या बाजूनं निकाल दिला. त्यात घासायचं काम नव्हतं, हा मुख्य मुद्दा.

शनिवारी सकाळी आंघोळ उरकून, लुंगी आणि बनियनवर, ते स्वयंपाकघरात उभे राहिले. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं आणि वाळूची धूळ आत येत होती, म्हणून त्यांनी खिडक्या घट्ट लावून घेतल्या. मोठ्या पातेल्यात फॉइल अंथरली. तिच्यावर वाळे आणि साखळी. पाणी एवढं तापणारच आहे तर वाया का घालवा, म्हणून देवघरातली ती निरांजनंही आत सोडली. उत्कर्षानं सोडा चमचाभर सांगितला होता. पण चमचाभर सोडा नव्या चांदीला ठीक. ही काळी पडलेली चांदी जुनी, चिवट. हरिभाऊंनी आख्खा पुडा ओतला. पाणी असं उसळून वर आलं की त्यांना दोन पावलं मागं सरकावं लागलं. मग त्यांनी गॅस मोठा केला आणि पातेल्यात डोकावून पाहिलं.

आणि खरोखरच चमत्कार होत होता. काळा थर हळूहळू विरत होता. वाळ्यांच्या कडेला आधी करडी, मग पांढरी रेघ दिसू लागली. हरिभाऊंना इतका आनंद झाला की कॉलेजात विज्ञानाऐवजी भूगोल घेतल्याबद्दल त्यांना क्षणभर हळहळ वाटली.

या चमत्काराला वास असतो, हे व्हिडिओत सांगितलं होतं की नाही कोण जाणे. काळ्या चांदीतलं गंधक सुटतं आणि त्याचा वास सडक्या अंड्यांसारखा येतो. थोडी चांदी असेल तर थोडा. इथं वर्षानुवर्षांचा काळा थर, आख्खा पुडा सोडा आणि बंद खिडक्या. तो वास दाराच्या फटीतून जिन्यात उतरला आणि मजले चढू-उतरू लागला. एकट्या हरिभाऊंना मात्र त्याचा पत्ता नव्हता.

दारावर धाडधाड थाप पडली. दारात केरबा उभे होते, तोंडाला ओला टॉवेल बांधलेला.

"हरिभाऊ, गॅस लीक हाय. भाईर या."

"वास तर येत नाहीये," हरिभाऊ म्हणाले, आणि खात्रीसाठी जोरात हुंगले. काहीच आत गेलं नाही.

"तुमचं नाक बंद हाय. आमची उघडी हायती. चला."

"अहो, पण माझं पातेलं..."

"पातेलं ऱ्हाऊ द्या. आदी माणूस," केरबा म्हणाले, आणि हरिभाऊंच्या दंडाला धरून त्यांना जिन्याच्या तोंडाशी आणून सोडलं. सैन्यात माणसं हलवायची सवय असलेल्या हातापुढं हरिभाऊंचं काही चालण्यासारखं नव्हतं. मोबाइल ओट्यावर राहिला. शर्ट खुंटीला राहिला. ते लुंगी-बनियनवर रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले, जिथं उत्कर्षासकट सगळी इमारत आधीच जमली होती. येणारी-जाणारी माणसं थांबून विचारत होती, आणि प्रत्येकाला उत्तर देताना लोक हरिभाऊंकडं बोट दाखवत होते. हरिभाऊंनी ते बोट लागू नये म्हणून विजेच्या खांबाचा आडोसा घेतला. खांब बारीक होता.

गॅस एजन्सीचा माणूस मोटारसायकलवरून आला. त्यानं आत जाऊन शेगडी, नळी, रेग्युलेटर, सगळं साबणाचं पाणी लावून तपासलं. गळती कुठंच नव्हती. बाहेर येऊन त्यानं विचारलं, "कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

"वडिलांच्या," हरिभाऊ म्हणाले.

"त्यांना बोलवा. सही लागेल."

"ते वारले."

"कधी?"

"झाली की बरीच वर्षं."

"मग अजून त्यांच्याच नावावर सिलेंडर घेताय?" त्या माणसानं हरिभाऊंकडं नीट पाहिलं. "वारस नोंद केली नाहीत?"

हरिभाऊंनी लुंगीची गाठ घट्ट केली. हा प्रश्न त्यांनी स्वतः टेबलाच्या पलीकडून हजारो लोकांना विचारला होता, याच आवाजात, अगदी असंच नीट पाहून. तो या बाजूनं कसा लागतो, हे त्यांना आज कळलं. गळती नसली तरी नळीची मुदत संपलेली होती, आणि नाव बदलेपर्यंत रेग्युलेटर जोडून देता येत नाही, असं सांगून तो माणूस रेग्युलेटर पिशवीत घालून घेऊन गेला. जाताना आणायच्या कागदांची नावं सांगून गेला, तीही हरिभाऊंना पाठ होती.

लोक पांगू लागले. हरिभाऊ धावत जिना चढले. शेगडी मोकळी होती.

"केरबा, माझं पातेलं?"

"बंदोबस्त केला," केरबा समाधानानं म्हणाले. "तुमी भाईर गेल्यावर म्या आत शिरलो. बघतो तर लय वास त्या पातेल्यालाच. काय उकळत होतं कुणाला ठावं. शेगडी बंद क्येली, पातेलं चिमट्यानं उचललं, खाली न्हेलं, आन शेजारच्या वाळूत उपडं करून वरनं वाळू लोटली. इखारी गॅस असूदे न्हाईतर बॉम्ब, वाळूत घातला की गप."

हरिभाऊ ओट्याला धरून उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं, त्या पातेल्यात काय होतं ते.

केरबांनी तोंडावरचा टॉवेल सोडला. "वाळं? नातीचं?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आवं, मंग मगाशीच सांगायचं न्हाई व्हय."

"मी पातेलं म्हणत होतो."

"पातेलं म्हणत होता. वाळं म्हणाला न्हाई."

खाली जाऊन पाहतात तो आणखी निराळीच कथा. शेजारच्या बांधकामावर त्या दिवशी गिलावा होता. गॅसच्या गोंधळानं पळालेले मजूर परत आले होते आणि वाळूचा अर्धा ढीग फावड्यानं ओढून चाळणीकडं नेलाही होता. पातेलं एका कडेला उपडं पडलेलं. पातेल्यात फॉइलचा एक चुरगळलेला गोळा, बाकी काही नाही.

हरिभाऊंच्या डोळ्यांपुढं चारुशीलाबाई उभ्या राहिल्या, पाळण्याची दोरी हातात न घेतलेल्या. नवीन वाळे कुठल्याही दुकानात मिळाले असते. पण बाळपणी चारुशीलाबाईंनी चावून चावून एका वाळ्याच्या कडेला बारीक खाच पाडली होती, आणि ती खाच त्या ज्ञानदाला, शौनकला दाखवत आल्या होत्या. ती खाच कुठल्या दुकानात मिळणार?

शोध सुरू झाला, आणि लगेच मतभेदही सुरू झाले. केरबांचं म्हणणं, सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून ढीग पुढं पुढं उकरत जायचं. हरिभाऊंनी मात्र वरून चार खुंट्या आणि सुतळी आणली. ढिगाचे सरळ पट्टे पाडायचे, एकेक पट्टा पुरा तपासून बाजूला टाकायचा, म्हणजे तीच वाळू दोनदा उकरली जात नाही. ते ढिगावर लुंगी खोचून वाकले आणि हद्दी आखू लागले.

"हरिभाऊ, वाळूचा ढीग हाय त्यो, सातबारा न्हाई," केरबा म्हणाले.

"मोजणीशिवाय काही सापडत नसतं."

"आन तुमची मोजणी हुईपतोर मजूर गिलावा मारून मोकळं हुतील."

शेवटी निम्मा ढीग फौजेच्या पद्धतीनं आणि निम्मा सरकारी पद्धतीनं तपासायचं ठरलं. अंजनाबाई पदर खोचून मधोमध बसल्या आणि कुठलीच पद्धत न धरता बोटांनी वाळू उकरू लागल्या. पहिलं निरांजन त्यांनाच सापडलं. मग दुसरं. मग हरिभाऊंच्या पट्ट्यात कमरेची साखळी लागली, सापासारखी वाळूत शिरलेली. सगळी चांदी नव्यासारखी पांढरी झाली होती. उत्कर्षाची युक्ती खरी होती, एवढं मान्य करावंच लागलं.

वाळा मात्र एकच मिळाला. साधा, गुळगुळीत. खाच असलेला नव्हता.

चाळणीपाशी वाळू चाळणाऱ्या मनुबाई बऱ्याच वेळापासून हातातलं घमेलं खाली ठेवून या सगळ्यांकडं बघत होत्या. मध्येच त्या दोन पावलं पुढं आल्या आणि काहीतरी बोलू लागल्या. केरबांनी हात वर केला.

"बाई, तुमी मागं व्हा. हितं गॅसचं झालंय."

मनुबाई मागं झाल्या. थोड्या वेळानं त्या हरिभाऊंच्या बाजूनं आल्या. हरिभाऊ गुडघ्यांवर बसून सुतळी सरळ करत होते. "जरा थांबा हं, हद्दीवर पाय देऊ नका," ते वर न बघता म्हणाले. मनुबाई पुन्हा मागं झाल्या.

हरिभाऊंच्या कमरेत उसण भरली. सगळे पट्टे संपले. केरबांची रांगही संपली. हरिभाऊ वाळूतच बसून राहिले. केरबा त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "माझ्यामुळंच झालं." हरिभाऊ म्हणाले, "तुम्ही मला बाहेर काढायला आलात. खरंच गॅस असता तर?" दोघंही समोरच्या चाळणीकडं बघत बसले.

बघता बघता हरिभाऊंना दिसलं की चाळणीच्या लोखंडी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, बाहेर आलेल्या नटबोल्टवर, काहीतरी पांढरं गोल अडकवलेलं आहे आणि ते उन्हात चमकतंय.

"त्येच सांगत हुते की मगाधरनं," मनुबाई म्हणाल्या. "चाळताना जाळीवर ऱ्हायलं. बारक्या लेकराचं दिसतंय म्हणून वर अडकीवलं, कुणाच्या पायाखाली नगं याया. तुमी ऐकूनच घिईना."

हरिभाऊंनी वाळा हातात घेतला. अंगठ्यानं कड चाचपली. खाच लागली. मग त्यांनी मनुबाईंना हात जोडले, आणि काय बोलावं ते न सुचल्यानं म्हणाले, "तुम्ही उद्या सांगलीला बारशाला या." मनुबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "गिलावा हाय उद्या," त्या म्हणाल्या.

वर येऊन बघतात तर मोबाइलवर चारुशीलाबाईंचे न घेतलेले फोन ओळीनं पडले होते. हरिभाऊंनी घसा साफ करून फोन लावला.

"काय गं, काही काम होतं?"

पलीकडून नळ बंद केल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "काही नाही. तुम्ही बरे आहात ना? जेवलात?"

"जेवलो की," हरिभाऊ म्हणाले. घरात गॅस नव्हता. पण तेवढ्यात अंजनाबाई भाकरी आणि वांग्याची भाजी झाकून घेऊन दारात आल्याच होत्या, त्यामुळं हे वाक्य पुढच्या पाच मिनिटांत खरं होणार होतं.

"आणि वाळे?"

"लखलखीत. सराफानं काम चांगलं केलं."

"बरं," एवढंच चारुशीलाबाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता. हरिभाऊंना वाटलं, तिलाही सर्दी झाली.

रविवारी सांगलीच्या एसटीत हरिभाऊंनी डबा मांडीवर धरून ठेवला आणि रस्ताभर सराफाची गोष्ट पक्की केली. तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, मजुरी जास्त वाटली पण काम बघून दिली. कराड जाईपर्यंत ती गोष्ट इतकी चांगली झाली की त्यांचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसू लागला.

दारात चारुशीलाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. एरवी त्या असं कधी करत नसत. आतल्या खोलीत नेऊन त्यांनी दार लोटलं, डबा उघडला, खाच असलेला वाळा बोटात फिरवून पाहिला.

"सराफ काय म्हणाला?"

हरिभाऊंनी गोष्ट सुरू केली. ती मजुरीपर्यंत आली तेव्हा चारुशीलाबाईंनी आपला फोन त्यांच्यापुढं धरला. पडद्यावर विजेचा एक बारीक खांब होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी लुंगी-बनियनमधले हरिभाऊ दिसत होते. फोटो उत्कर्षानं इमारतीच्या ग्रुपवर टाकला होता, आणि नंतर त्याखाली पातेल्यापासून वाळूतल्या वाळ्यांपर्यंतची सगळी हकिकत लिहिली होती. त्याच्या वरती तिचाच आधीचा निरोप होता: 'इमारतीत गॅस लीक. सगळे बाहेर. हरिकाका अजून आत आहेत.'

"हा आधी आला," चारुशीलाबाई म्हणाल्या. "हा फोटो नंतर. या दोन्हींच्या मध्ये मी इथं या पलंगावर बसले होते आणि तुम्ही फोन उचलत नव्हता."

हरिभाऊ फोटोकडं बघत पलंगाच्या कडेला टेकले.

"ज्ञानदाला काही बोलले नाही. ओली बाळंतीण ती. मोरीत जाऊन नळ सोडून बसले. आणि मग तुमचा फोन आला, काय गं, काही काम होतं? म्हणून." त्यांनी वाळा डब्यात ठेवला. "वाळ्यांचं मेलं काय. नसते मिळाले तर दुसरे केले असते."

"तू तर म्हणाली होतीस, दोरी हातात..."

"म्हणते मी काहीही. तुम्ही ऐकता का कधी?"

हरिभाऊंनी नाही म्हणून मान हलवली.  चारुशीलाबाईंनी डोळे पुसले, मग फोटो पुन्हा एकदा पाहिला, आणि त्यांना हसू आवरेना. "खांबामागं कशाला लपलात हो," असं म्हणत त्या पलंगावर बसल्या आणि पोट धरून हसत राहिल्या. बाहेरून ज्ञानदा हाका मारत होती.

बारसं थाटात झालं. पाळण्याची दोरी चारुशीलाबाईंनी धरली. नाव शिवांजली ठेवलं. तिनं पाय झाडले तसा एक वाळा पायातून निसटून पाळण्याबाहेर उडाला, आणि हरिभाऊंनी तो जमिनीवर पडायच्या आत दोन्ही हातांनी झेलला. एवढ्या चपळाईनं त्यांना हलताना घरातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

घुगऱ्या वाटून झाल्यावर विहीणबाई हरिभाऊंसमोर आल्या. वाळे घरीच उजळले, हे चारुशीलाबाईंनी तोवर सगळ्यांना अभिमानानं सांगितलं होतं. कसे उजळले ते तेवढं सांगितलं नव्हतं. विहीणबाईंच्या हातात फडक्यात बांधलेलं भलंमोठं गाठोडं होतं. गाठ सोडली तर आत पूजेचं ताम्हण, पंचपात्री, अत्तरदाणी, गुलाबदाणी, सगळं काळंकुट्ट.

"हरिभाऊ, तुमच्या हाताला भलताच गुण आहे," त्या म्हणाल्या. "आता आलाच आहात तर एवढं आमचंही करून द्याल का? पातेलं लागेल तेवढं मोठं देते."

हरिभाऊंनी चारुशीलाबाईंकडं पाहिलं. चारुशीलाबाई पानं मांडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"करतील हो, आनंदानं करतील," त्या म्हणाल्या. "फक्त आधी शेजाऱ्यांना जेवून घेऊ द्या."